मुखारोग्य आणि सम्यक व्यायाम



आर्य अष्टांगिक मार्गातील सहावे अंग म्हणजे सम्यक व्यायाम. येथे व्यायाम म्हणजे दंड-बैठका नव्हेत, तर योग्य दिशेने केलेला प्रयत्न. तथागतांनी या प्रयत्नाचे चार भाग सांगितले आहेत. जे अकुशल अजून उत्पन्न झालेले नाही ते उत्पन्न होऊ न देणे, हा संवर. जे उत्पन्न झाले आहे त्याचा त्याग करणे, हे प्रहाण. जे कुशल अजून नाही ते निर्माण करणे, ही भावना. आणि जे कुशल निर्माण झाले आहे ते टिकवणे व वाढवणे, हे अनुरक्षण.

प्रस्तुत लेखात हे चार प्रयत्न दात, हिरड्या आणि तोंडाच्या आरोग्याला लावून पाहायचे आहेत. विषय लहान वाटेल. धम्माच्या गंभीर चर्चेत दात कोठून आले, असेही कोणी म्हणेल. परंतु समाजकार्यात आपण पहिले तीन प्रयत्न थोडेफार करतो आणि चौथ्याला विसरतो, हे मला ज्या प्रसंगाने शिकवले तो प्रसंग तोंडाच्या आरोग्याचाच आहे. तो आधी सांगतो.

एका शिबिराची गोष्ट

एप्रिल २०१२ मध्ये, जयंती सप्ताहात, मी त्या वेळी राहत असलेल्या वसाहतीत मोफत दंत तपासणी शिबिर झाले. बँकेत नोकरीला आहे, अक्षर बरे आहे, म्हणून नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दुपारपर्यंत २१४ नावे झाली. प्रत्येकाला एक ब्रश आणि पेस्टची लहान नळी मिळाली. पाहुण्यांचा सत्कार झाला, फोटो निघाले. कार्यक्रम यशस्वी झाला असे आम्ही सर्वांनी मानले.

त्या यादीत आमच्या शेजारच्या एक मावशी होत्या. वय ५२. लहानपणापासून मशेरी लावण्याची सवय. डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आतील बाजूस पांढरा चट्टा पाहिला. मशेरी बंद करा आणि महिन्याभरात मोठ्या रुग्णालयात दाखवा, असे त्यांनी सांगितले. मी त्यांच्या नावापुढे 'पुन्हा तपासणी' असे लिहिले. अशी खूण एकूण ११ नावांपुढे होती. संध्याकाळी ते कागद मंडळाच्या कपाटात गेले.

महिन्याने ते कोणी बाहेर काढले नाहीत. मीही काढले नाहीत. मावशींनी आठ दिवस मशेरी सोडली होती. कोणी विचारले नाही, पोट साफ होईना, डोके दुखू लागले, म्हणून पुन्हा सुरू केली. चट्टा दुखत नव्हता, त्यामुळे दवाखान्यात जाण्याचे कारण त्यांना दिसले नाही. २०१५ साली त्याच जागी न भरणारी जखम झाली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. मावशी आज आहेत, पण त्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते.

बँकेत दिवसअखेर रोकडीत दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आम्हाला उठता येत नाही. परंतु त्या ११ नावांचा ताळमेळ मी घातला नाही. डॉक्टर चुकले नव्हते, शिबिरही वाईट नव्हते. त्यापुढचे अनुरक्षण नव्हते, एवढीच त्यात उणीव होती आणि ती फार मोठी उणीव होती.

आजार किती मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि ३५ ते ४४ या वयोगटातील ८०.२ टक्के लोकांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे शाळेत जाणाऱ्या दर दोन मुलांमागे एका मुलाला हा त्रास आणि त्याच्या आईवडिलांच्या वयात दर पाचांत चौघांना.

दात किडतो म्हणजे काय होते, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. किडीचा अळीशी काही संबंध नाही. दातांवर जीवाणूंचा चिकट थर बसतो. आपण साखर खाल्ली की हे जीवाणू तिच्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील क्षार विरघळवते. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते, पण त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून किती गोड खाल्ले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, किती वेळा खाल्ले याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदा खीर खाणारा मुलगा आणि दिवसभरात सहा वेळा गोळी-बिस्किट तोंडात टाकणारा मुलगा यांत दुसऱ्याच्या दातांना धोका जास्त. फ्लोराइडयुक्त पेस्ट या क्षारांची झीज भरून काढण्यास मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा पेस्टचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला, यावरून तिचे महत्त्व कळते.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरातील माणसे तिला दुधाची दाढ समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. ती पडत नाही. ती आयुष्यभरासाठी असते.

तिसरा आणि सर्वांत भयंकर आजार तोंडाच्या कर्करोगाचा. भारतातील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक पहिला लागतो. त्याचे प्रमुख कारण तंबाखू, त्याच्या जोडीला सुपारी आणि दारू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांतील बहुसंख्य लोक ती ओढत नव्हते, तर तोंडात ठेवत होते.

मशेरी : दात घासण्याच्या नावाखाली

आपल्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळा होतो. मशेरी, म्हणजेच मिसरी, ही तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. दात स्वच्छ होतात, दाढदुखी थांबते, पोट साफ होते, अशा समजुतीने आई ती मुलीच्या हातावर ठेवते. सकाळी एकदा लावायची ती हळूहळू दिवसातून चार-पाच वेळा लागते. जिला आपण दात घासणे म्हणतो ती खरे तर तंबाखूची तलफ असते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मशेरीच्या मुलखात तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधीच्या चट्ट्यांचा अभ्यास होऊन अर्धशतक उलटले. २००४ साली मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. त्या तंबाखूत मशेरीचा वाटा मोठा होता.

कायद्याने काही केले नाही असे नाही. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई झाली. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. परंतु मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे फक्त शेजारीण पोहोचू शकते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छतेची सवय लावून घेण्यास आणि दुर्गुणांपासून दूर राहण्यास सांगितले होते. तो उपदेश करताना त्यांनी स्त्रियांना हिणवले नव्हते. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. मशेरी सोडवण्यासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हाच भाव मनात ठेवावा. ज्या बाईने उपाशीपोटी दुसऱ्याच्या शेतात दिवस काढला आणि भूक मारण्यासाठी मशेरी लावली, तिला लाज वाटेल असे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

विनयपिटकातील दंतकाष्ठ

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चांगली सवय टिकते कशी? याचे एक उत्तम उदाहरण विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे.

भिक्खू दंतकाष्ठ, म्हणजे दातवणाची काडी, चावत नव्हते. त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. भगवंतांनी दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे आणि वापरण्याचे पाच फायदे सांगितले व त्याची अनुज्ञा दिली. डोळ्यांना अहित, तोंडाची दुर्गंधी, रसवाहिन्यांची अशुद्धी, पित्त व कफाने अन्न वेढले जाणे आणि अन्नाची गोडी जाणे, असे ते पाच तोटे. यांतील काही भाग त्या काळच्या वैद्यकाच्या भाषेत आहे, तो तसाच घ्यावा. पण पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. काही उनाड भिक्खूंनी लांब काड्या घेतल्या आणि त्यांनी सामणेरांना मारले. तेव्हा नियम झाला की काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नसावी. मग कोणी फारच आखूड काडी घेतली आणि ती घशात अडकली. तेव्हा दुसरा नियम झाला की ती चार अंगुळांपेक्षा आखूड नसावी.

यात आपल्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी चार धडे आहेत. पहिला, आज्ञा देण्याआधी कारण सांगितले. दुसरा, साधन साधे, फुकट आणि सर्वांच्या हाताशी असलेले निवडले. तिसरा, ते रोजच्या दिनचर्येत बसवले, उत्सवात नाही. चौथा, नियम केल्यावर दुर्लक्ष केले नाही. काय घडते ते पाहिले आणि चूक दिसताच दुरुस्ती केली, तीसुद्धा एकदा नव्हे, दोनदा. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग याने येथील विहारांतील दंतकाष्ठाच्या प्रथेचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे बुद्धांनंतर हजाराहून अधिक वर्षे ही सवय टिकली होती. टिकाऊ कार्यक्रम म्हणतात तो हा.

केरळातील एक प्रयोग

प्राचीन काळचे सोडा, आजच्या काळात असे होते का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्यांच्यासाठी आपल्याच देशातील एक उदाहरण देतो. आपल्याकडे जशी मशेरी, तसे केरळात तंबाखू घातलेले विड्याचे पान. तेथेही तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली ३५ वर्षांवरील स्त्री-पुरुषांची घरोघर जाऊन मुखतपासणी सुरू झाली. १३ गट घेण्यात आले. त्यांपैकी ७ गटांत तपासणी झाली आणि ६ गट तुलनेसाठी ठेवले गेले. तपासणी करणारे डॉक्टर नव्हते. ते वैद्यकीय पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले पदवीधर आरोग्यसेवक होते. हातात विजेरी आणि समोर वही, एवढीच त्यांची सामग्री म्हणता येईल.

ही माणसे एकदा जाऊन थांबली नाहीत. तीन-तीन वर्षांच्या अंतराने त्यांनी तीन फेऱ्या केल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तपासणी झालेल्या गटांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते.

याच प्रयोगातील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. संशयित ठरलेल्या ५,१४५ जणांना पुढील तपासणीसाठी बोलावले होते. त्यांपैकी ३,२१८ जण आले, म्हणजे १०० पैकी सुमारे ६३. घरोघर जाणारे, शिकवलेले सेवक असूनही ३७ जण राहिले. मग आमच्या कपाटात बंद झालेल्या ११ नावांचे काय झाले असेल, ते सांगण्याची गरज नाही.

चार प्रयत्नांचा आराखडा

वरील विवेचनावरून आपल्या मंडळाला पुढीलप्रमाणे काम करता येईल, असे मला वाटते.

संवर : आज ज्या मुलाच्या तोंडात तंबाखू नाही, ते तोंड तसेच राहिले पाहिजे. मुलांना दुकानातून तंबाखूची पुडी किंवा विडी आणायला पाठवू नये, हा पहिला नियम प्रत्येक घराने पाळावा. आजीने नातीच्या हातावर मशेरी ठेवू नये. विहारातील कार्यक्रमात मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटण्याऐवजी शेंगदाणे, चणे, केळी द्यावीत. बुद्ध पौर्णिमेचे खीरदान बंद करा असे मी म्हणत नाही. वर्षातून एकदा खाल्लेल्या खिरीने दात जात नाहीत, रोज सहा वेळा खाल्लेल्या गोळीने जातात.

प्रहाण : मशेरी आणि तंबाखू सोडवण्यासाठी वर्षावासाचे तीन महिने उत्तम. आषाढ पौर्णिमेला ज्यांची इच्छा असेल त्यांनी संकल्प करावा. विहारात ग्रंथवाचनासाठी स्त्रिया जमतातच. तेथेच वाचनानंतर पाच मिनिटे एकमेकींची चौकशी करावी. पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, हे आधीच सांगावे, म्हणजे घाबरून कोणी परत वळणार नाही. भरपूर पाणी, भाजी आणि थोडे चालणे याने पोटाची तक्रार कमी होते. मशेरी काढून घेताना हातात ब्रश आणि पेस्ट द्यावी, हात रिकामा ठेवू नये. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र शासनाचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, तो विहाराच्या फळ्यावर ठळक लिहावा. अश्विन पौर्णिमेला किती जणींनी सोडली ते मोजावे. जिने पुन्हा सुरू केली तिला पुढच्या वर्षी नव्हे, पुढच्या रविवारीच पुन्हा बोलवावे.

भावना : नवी सवय लहानपणी लागते. फिलिपिन्समध्ये २००७-०८ च्या सुमारास सरकारी शाळांतून एक साधा कार्यक्रम सुरू झाला. मुले रोज शाळेत रांगेने साबणाने हात धुतात आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतात. त्यासाठी दंतवैद्य लागत नाही, शिक्षक पुरतो. आपल्या बालवाडीतही हे करता येईल. ताई समोर उभ्या राहतील, प्रत्येक ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट देतील, मुले दोन मिनिटे घासतील आणि फेस थुंकून टाकतील. प्रत्येकाच्या ब्रशवर नाव असावे आणि ब्रश एकमेकांना न लागता उभे वाळावेत. घरी रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे आईवडिलांकडे. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणी विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. तेथे आधी पाण्याची तपासणी करून दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

अनुरक्षण : या लेखाचे प्रयोजनच हे आहे, म्हणून त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहितो.

एक वही, दोन माणसे, बारा महिने

शिबिर ही एकरकमी ठेव आहे. सवय ही आवर्ती ठेव आहे. बँकेत आवर्ती ठेवीचे खाते उघडणारे सर्व जण उत्साहाने उघडतात. मुदतपूर्तीची रक्कम मात्र हप्ता न चुकवणाऱ्यालाच पूर्ण मिळते. कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाला हाच नियम लागू आहे.

त्यासाठी प्रत्येक २५ घरांमागे एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन मुखारोग्य मित्र नेमावेत. पदवीधर असलेच पाहिजे असे नाही. वाचता-लिहिता येणे आणि शेजाऱ्यांशी गोड बोलता येणे पुरेसे आहे. त्यांना जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून एक दिवसाचे शिक्षण मिळावे यासाठी मंडळाने अर्ज करावा. ३० वर्षांवरील व्यक्तींच्या मुखतपासणीचा शासकीय कार्यक्रम २०१७ पासून आहे. आशाताईंना बरोबर घेतल्यास आपले काम हलके होईल आणि त्यांचेही.

या मित्रांनी पाहावयाच्या खुणा अशा : पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड, मानेत किंवा तोंडात गाठ, गिळताना त्रास. आपली स्वतःची तीन बोटे उभी धरून ती तोंडात जातात का, हे प्रत्येकाने घरी आरशासमोर पाहावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. हा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही, तेच त्याचे कपट आहे. मित्रांनी रोगाचे नाव सांगू नये, घाबरवू नये. दवाखान्यात बरोबर जावे, एवढेच त्यांचे काम.

वहीत सहा रकाने असावेत : नाव, वय, सवय, काय आढळले, कोठे पाठवले, आणि गेले की नाही. सहावा रकाना रिकामा असेपर्यंत ते पान बंद करू नये. मंडळाच्या मासिक सभेत जमाखर्च वाचून दाखवतात, तसे सहाव्या रकान्यात रिकाम्या असलेल्या नोंदी किती, हे वाचून दाखवावे. मात्र नावे सभेत वाचू नयेत. कोणाचा आजार हा चर्चेचा विषय होऊ नये, आणि वही कुलपात असावी.

खर्चाचा हिशोब पाहू. बालवाडीत ३० मुले आणि वर्षाचे २०० दिवस धरले, एका वेळेस पाव ग्रॅम पेस्ट धरली, तर वर्षाला १,५०० ग्रॅम पेस्ट लागते. म्हणजे १०० ग्रॅमच्या १५ नळ्या. दर तीन महिन्यांनी नवा ब्रश दिला तर १२० ब्रश. नळी ७० रुपये आणि ब्रश २० रुपये असा दर धरल्यास १,०५० अधिक २,४०० मिळून ३,४५० रुपये होतात. दर आपापल्या बाजारात पाहावेत. ३० घरांनी दरमहा १० रुपये दिले तर वर्षाला ३,६०० रुपये जमतात. कोणा देणगीदाराची वाट पाहावी लागत नाही. देणगीदार बदलला की कार्यक्रम बंद पडतो. स्वतःच्या वर्गणीतून चालणारी गोष्ट सहसा बंद पडत नाही, कारण प्रत्येक जण आपल्या दहा रुपयांचे काय झाले ते विचारतो.

अशा चिकाटीचे फळ काय असते? जपानमध्ये १९८९ साली, वयाच्या ८० व्या वर्षी तोंडात २० दात, असे ध्येय ठेवून मोहीम सुरू झाली. त्या काळात ८० वर्षांच्या दहा जणांत एकाचेही जेमतेम इतके दात शाबूत असत. २०१६ च्या पाहणीत हे प्रमाण निम्म्यावर गेले होते. यासाठी २७ वर्षे लागली. आपल्या बालवाडीतील मुलाला ८० व्या वर्षी भाकरी चावता यावी असे वाटत असेल, तर आपणही इतक्याच लांबचा विचार केला पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. सम्यक व्यायामाचे चार भाग कोणते? आपल्या वस्तीतील एखाद्या दुसऱ्या प्रश्नाला (उदा. पाणी, अभ्यास, दारू) ते लावून दाखवा.
२. दंतकाष्ठाच्या लांबीचे दोन नियम का झाले? त्यावरून कार्यक्रमात दुरुस्ती करण्याबद्दल काय शिकावे?
३. दिवसातून एकदा गोड खाणे आणि सहा वेळा गोड खाणे यांत दातांच्या दृष्टीने काय फरक आहे?
४. 'दाढ काढली की नजर जाते' असे आपल्याकडे म्हणतात. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. तुमच्या घरात दातांविषयी अशा कोणत्या समजुती आहेत, त्या लिहून काढा आणि दंतवैद्याला विचारा.
५. घरातील सर्वांना तीन बोटांची तपासणी करायला लावा आणि कोणाला अडचण आल्यास मुखारोग्य मित्रांना कळवा.

समारोप

मावशींची मी मागच्या वर्षी भेट घेतली. शिबिरातील कागदाची गोष्ट मी त्यांना सांगितली आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, 'तू लिहिलं तरी होतंस बाबा, कोणी वाचलं नाही एवढंच.' मी त्यावर काही बोलू शकलो नाही, कारण ते वाचण्याचे काम माझेच होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाच्या कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे की, पुढील शिबिराची तारीख ठरवताना त्याच्या एक महिन्यानंतरची, सहा महिन्यांनंतरची आणि एक वर्षानंतरची तारीखही त्याच सभेत ठरवावी व त्या प्रत्येक तारखेपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. सहा रकान्यांची वही मी आखून कार्यालयात दिली आहे. बालवाडीजवळच्या पहिल्या २५ घरांसाठी माझे व माझ्या पत्नीचे नाव त्यात लिहिले आहे. उरलेल्या घरांसाठी नावे हवी आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!